श्यामची आंघोळ आणि भिवाची तहान

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीच्या वाचनालयात भांडण झालं. वाचनालय म्हंजे समाजमंदिराची मागची खोली, दोन लोखंडी कपाटं आणि एक ट्यूबलाइट. कुणीतरी रद्दीवाल्याकडून पोतंभर पुस्तकं आणली. त्यात साने गुरुजींचं 'श्यामची आई' निघालं. एका कार्यकर्त्यानं ते बाजूला काढलं. म्हणाला, हे आपल्या पोरांच्या हातात द्यायचं नाही, भटाच्या घरातलं रडगाणं आहे. दुसरा म्हणाला, माझ्या आईनं हेच पुस्तक मला वाचून दाखवलं, ती पण रडली, मी पण रडलो, ती काय भटीण होती का? आवाज चढले. पोरं दारात उभी राहून बघत होती.

मला रात्रपाळीला जायचं होतं, म्हणून मी गप्प बसलो. पण गिरणीत तुटलेले धागे जोडता जोडता आठ तास डोक्यात तेच चाललं होतं. म्हणून हे लिहितो. मी काही शिकलेला समीक्षक नाही. पण मित्रांनो, पुस्तक कपाटात ठेवायचं की काढायचं हे ठरवायच्या आधी ते पुस्तक आणि ते लिहिणाऱ्याचं आयुष्य नीट वाचलं पाहिजे. न वाचता पूजा करणारे त्यांच्याकडे पुष्कळ झाले. न वाचता फेकून देणारे आपल्यात नकोत.

पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणातलं पालगड. घराणं खोताचं, पण पडत्या काळातलं. वणवण करून एम.ए. झाले आणि १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर लागले. वसतिगृहाचं काम अंगावर घेतलं. पोरांच्या खोल्या झाडल्या, अंथरुणं आवरली. त्यांच्यासाठी रोज हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढलं. आपण स्टेन्सिल कापतो, शाईनं हात काळे करतो आणि दोनशे प्रती निघाल्या की फुशारतो. हा माणूस नुसत्या लेखणीवर रोजचा अंक काढत होता. या कामात तो आपला थोरला भाऊच म्हणायचा.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. मग तुरुंगामागून तुरुंग. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरवून घेतली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात निरनिराळ्या प्रांतांतले कैदी भेटले, तिथं दुसऱ्यांच्या भाषा शिकले. तमीळमधलं कुरळ पुढे मराठीत आणलं. इंग्रजीतून वाचलेल्या जगभरच्या कथा 'गोड गोष्टी' म्हणून पोरांना दिल्या. व्हिक्टर ह्यूगोचा 'ले मिझराब्ल' त्यांच्या हातून 'दुःखी' झाला. तुरुंगात पडलेल्या त्या बीजातूनच पुढे 'आंतरभारती' आली. एका प्रांतानं दुसऱ्याची भाषा शिकावी, त्याची गाणी गावीत, त्याची पुस्तकं वाचावीत, म्हंजे हा देश एक होईल, असा तो विचार. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी तो मांडला. मुलांसाठी लिहिणारा, दोनतीन भाषांतून ये-जा करणारा आणि संस्कृतींचा मेळ घालू पाहणारा मास्तर मराठीत शोधायला गेलं की पहिलं नाव हेच येतं. म्हणूनच त्याला आपल्या वस्तीतून तपासायला हवं.

आता त्या मोळीकडे येऊ.

'श्यामची आई' लिहिलं गेलं नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, चारपाच दिवसांत. त्यात एक प्रसंग आहे. एक म्हातारी महारीण डोक्यावर मोळी घेऊन चालली आहे. मोळी पडते. एकटीच्यानं ती उचलवत नाही आणि रस्त्यावरचं कुणी हात लावत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि घरी आलास की आंघोळ कर. श्याम जातो. मोळी देतो. घरी येऊन आंघोळ होते. देवाला सगळी लेकरं सारखीच, असा प्रसंगाचा बोध आहे.

पांढरपेशा वाचक इथं डोळे पुसतो. आपल्यातला तरुण इथं पुस्तक फेकतो. मला वाटतं, दोघंही घाई करतात.

ही बाई त्या गल्लीतल्या सगळ्यांपेक्षा मोठी आहे, हे पहिल्यांदा कबूल करू. गल्ली बघत बसली, हिनं पोराला पाठवलं. पण आंघोळ राहिली ती राहिली. लेखक त्या आंघोळीपाशी थांबत नाही. ती सकाळच्या दात घासण्यासारखी येते आणि जाते. वाचणाऱ्या पोराच्या मनात त्यामुळं एक गणित पक्कं होतं: दया करायची आणि मग धुवून टाकायची. खोताच्या नातवाला हे गणित सोपं आहे. पण आपली पोरगी हे वाचते तेव्हा ती श्यामच्या बाजूनं वाचत नाही. ती मोळीच्या बाजूनं वाचते. श्यामच्या अंगावरून जे वाहून गेलं ते आपण आहोत, हे तिला कुणी समजावून सांगावं लागत नाही. आणि ती म्हातारी? मोळी घेऊन ती कुठं गेली? तिच्या घरात पण एखादा नातू असेल. चुलीपाशी बसून त्याला तिनं काय सांगितलं असेल? पुस्तक तिच्यामागं जात नाही. ते श्यामच्या मागं न्हाणीघरात जातं.

ज्या नाशिकात हे लिहिलं जात होतं त्याच नाशिकात २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं तिथं उभी राहिली, मार खाल्ला. १९३३ साली तो लढा संपलेला नव्हता आणि देवळाचं दारही उघडलेलं नव्हतं. तुरुंगाच्या भिंतीच्या आत एक सज्जन माणूस आपल्या आईच्या आठवणीनं रडत लिहितोय आणि त्याच शहरात ही गोष्ट चालली आहे. पुस्तक छापून आलं १९३५ साली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. साहित्याच्या इतिहासात ही दोन कामं दोन वेगळ्या पानांवर असतात. आपण ती एका पानावर ठेवून वाचू.

आता दुसरं पोर.

भिवा. श्यामपेक्षा वयानं आठनऊ वर्षांनी मोठा. आंबडवे हे त्याचं मूळ गाव मंडणगड तालुक्यात, आणि पालगड शेजारच्या दापोली तालुक्यात. म्हंजे मुळं एकाच मुलखातली. १९०१ च्या सुमारास भिवाचं घर साताऱ्यात होतं आणि वडील त्याच जिल्ह्यात दुसऱ्या गावी खजिनदाराच्या नोकरीवर. सुट्टीत भिवा, त्याचा भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून आगगाडीनं वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनला उतरले. न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं प्रेमानं विचारलं, कोण तुम्ही? भिवानं खरं सांगितलं आणि मास्तरचा चेहराच बदलला. गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही पोरांनी बैल हाकायचे आणि त्यानं बाजूनं चालायचं या अटीवर. जवळ डबा होता, पाणी नव्हतं. रात्री नाक्यावर थांबले. गाडीवानानं शिकवलं, मुसलमान आहोत म्हणून सांगा. नऊ वर्षांचा भिवा नाकेदाराकडे गेला आणि त्यानं उर्दूत पाणी मागितलं. नाकेदारानं दिलं नाही. भरलेला डबा तसाच राहिला. पोरं उपाशी झोपली.

ही गोष्ट बाबासाहेबांनी मोठेपणी इंग्रजीत लिहिली, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात. परदेशातल्या माणसाला अस्पृश्यता म्हंजे काय हे कळत नाही, त्याला कळावं म्हणून. त्यांच्या हयातीनंतर ती पुस्तिका म्हणून १९९० साली निघाली. २०११ साली दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी तिच्यावर चित्रं काढली आणि 'भीमायन' नावाचं पुस्तक इंग्रजीत आलं.

या दोन्ही गोष्टींत पाणी आहे. श्यामकडे शिवाशिव धुवायला पाणी आहे. शिवाशिवीपायी भिवाला प्यायला पाणी नाही. ज्या बालसाहित्याला ही दोन पाणी एकाच विहिरीची आहेत हे दिसत नाही, ते कितीही गोड असो, अर्धंच राहतं.

तीच गोष्ट दुसऱ्या भाषेची. गुरुजी तुरुंगात दुसऱ्याची भाषा शिकले ती प्रेमानं, आणि त्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण भिवानं त्या रात्री उर्दू वापरली ती स्वतःला लपवायला. आणि संस्कृत शिकायचं होतं तर ते शिकवलं नाही, हायस्कुलात फारसी घ्यावी लागली. दोन भाषा येणं म्हंजे मन मोठं होणं, असं आंतरभारती सांगते. आपल्या माणसाला दुसरी भाषा कधी तोंड लपवायला लागली, कधी दुसरी वाट बंद म्हणून घ्यावी लागली. या अनुभवाला आंतरभारतीत कुठं जागा आहे?

हे जुनं झालं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आमच्या वाचनालयात यावं. फासेपारध्यांची एक पोरगी धाकट्या भावाला घेऊन येते. त्यांची बोली गुजरातीच्या जवळची, ऐकायला गोड. दोघं कोपऱ्यात आपसात तीच बोलतात. पण दारातून मोठं माणूस आलं की ती पटकन मराठीवर येते. मी विचारलं, का गं? ती म्हणाली, "गाडी आली की आमी आमचं बोलत न्हाई." मी म्हटलं, कंची गाडी? तर माझ्याकडे असं बघितलं की हे पण ठाऊक नाही का तुला. "पोलिसाची." इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९५२ साली तो रद्द झाला. त्या पोरीच्या जिभेवरून तो अजून रद्द झालेला नाही.

आणि आमचे शिरूर-दौंड हे आंतरभारतीचं चालतंबोलतं उदाहरणच आहे. दौंड जंक्शनमुळं रेल्वेच्या चाळींत तेलुगू, कन्नड, तमीळ, हिंदी बोलणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची पोरं बाराबारा तास राबतात. दिवाळी झाली की बीड-नगरकडून ऊसतोड्यांचे ट्रॅक्टर येतात, त्यात वंजारी, बंजारा, दलित, सगळे. त्यांची लेकरं कोपीत राहतात, शाळेच्या पटावर एका गावात आणि अंगानं दुसऱ्या गावात. वडारांची बोली वेगळी, कैकाड्यांची वेगळी, बंजाऱ्यांची गोरमाटी वेगळी. इथल्या शाळेत १५ ऑगस्टला 'विविधतेत एकता' होते. एक पोर पंजाबी, एक बंगाली, एक केरळी पोशाखात स्टेजवर येतं. पारध्याचं पोर असलंच तर त्याला पाला बांधून 'आदिवासी' म्हणून नाचवतात. त्याची बोली कुणी त्याला माइकवर बोलायला सांगत नाही.

गुरुजींच्या कल्पनेत ही फट मुळातच आहे. त्यांनी भारत पाहिला तो प्रांताप्रांताचा. बंगालकडे हात केला, तमीळनाडूकडे हात केला. पण महाराष्ट्रातल्या एकाच गावात गावकुसाच्या आत एक संस्कृती आणि बाहेर दुसरी असते, आणि पालगडहून कलकत्त्याला जाणं हे पालगडच्या खोतवाड्यातून महारवाड्यात जाण्यापेक्षा सोपं असतं, हे आंतरभारतीच्या आराखड्यात उतरलं नाही. त्यामुळंच ती पुढे पोशाखांच्या कार्यक्रमापुरती उरली. कोरेगाव भीमा आमच्याच शिरूर तालुक्यात. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला त्या रणस्तंभाला वंदन करून गेले. १ जानेवारी २०१८ ला तिथल्या रस्त्यावर दगडफेक झाली, गाड्या जळाल्या. गुरुजींची विश्वप्रेमाची प्रार्थना महाराष्ट्राच्या शाळाशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली आहे. ती म्हणून मोठे झालेले हात त्या दगडांना अडवू शकले नाहीत.

एवढं बोलून थांबलो तर मी अन्याय करीन. कारण तो माणूस १९३३ पाशी थांबला नाही.

आमची भीमा कोरेगावावरून वाहते, दौंडवरून वाहते आणि खाली पंढरपूरला गेली की तिची चंद्रभागा होते. तुकोबांची पालखी यवत, वरवंड करत आमच्या दौंड तालुक्यातून त्याच पंढरपूरला जाते. त्या पंढरपूरच्या देवळात आपल्याला शिरू देत नव्हते. साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले. सवर्णांच्या सभा घेतल्या, विहिरी खुल्या करा, देवळं खुली करा म्हणून सांगितलं. आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी, १० मे रोजी, ते सुटलं आणि विठ्ठलाचं दार उघडण्याचं ठरलं.

तुम्ही म्हणाल, आपल्याला ते दार नकोच होतं. बरोबर आहे. बाबासाहेब देवळाचा नाद सोडून बारा वर्षं झाली होती. देवळात गेल्यानं पोट भरत नाही आणि मान मिळत नाही, हे आपण तेव्हाच ओळखलं होतं. पण गुरुजी उपोषणाला बसले ते कुणाविरुद्ध हे बघा. आपल्याला ते काही शिकवायला आले नाहीत. संयम ठेवा, वाट बघा, असलं सांगितलं नाही. ते त्यांच्या माणसांच्या दारात बसले आणि म्हणाले, उघडा, नाहीतर मी मरतो. मोळी उचलून आंघोळ करणारा श्याम चौदा वर्षांनी तिथं येऊन बसला होता. माझ्या मते ते उपोषण म्हंजे त्या आंघोळीला त्यानं स्वतः दिलेलं उत्तर आहे. जे शब्दांत लिहायचं राहिलं ते त्यानं अंगावर घेतलं. खानदेशातल्या गिरणी कामगारांसाठी पण हा माणूस झगडला होता, हे मी गिरणीवाला विसरू शकत नाही. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' काढलं आणि ११ जून १९५० ला स्वतःच्या हातानं जीवन संपवलं. वय पन्नास.

महाराष्ट्रानं यातलं काय उचललं? आई उचलली. १९५३ साली अत्र्यांनी सिनेमा काढला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. २०२३ साली पुन्हा सिनेमा आला. पाठ्यपुस्तकांत श्याम आला, पायाला माती लागू नये म्हणून आईनं पसरलेला पदर आला. पंढरपूर मात्र इतिहासाच्या एका ओळीत गेलं आणि गिरणी कामगारांचे गुरुजी तेवढेही उरले नाहीत. रडवणारा गुरुजी सगळ्यांना चालतो. दारात बसणारा चालत नाही.

आता दोष आपल्याकडे पण वळवतो. 'बलुतं' १९७८ साली आलं, 'उपरा' १९८० साली, 'उचल्या' १९८७ साली. त्यांच्या पानापानांवर बालपण आहे, पण ती पुस्तकं मोठ्या माणसांसाठी आहेत. आपल्या आठनऊ वर्षांच्या पोराच्या हातात द्यायला आपण काय लिहिलं? फोटोखाली लावायच्या घोषणा आणि जयंतीची भाषणं. गुरुजी पोरांपाशी बसून लिहित होते, आपण पोरांना स्टेजसमोर बसवतो. आणि असं नाही की आपल्याला वारसा नाही. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे नावाच्या मातंगाच्या पोरीनं १८५५ साली मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापला 'ज्ञानोदय'नं, जो मराठी आणि इंग्रजी दोन्हीत निघायचा. आपल्याकडे पोरांसाठी लिहायची सुरुवात व्हायच्या आधी पोरीनंच मोठ्यांसाठी लिहून ठेवलं. ती काय खाते, कुठं राहते आणि तिचा धर्म कोणता, हे तिनं मोठ्यांना विचारलं.

गेल्या रविवारी मी एक प्रयोग केला. भांडणारे दोघंही होते. पोरांना मोळीची गोष्ट वाचून दाखवली आणि लगेच भिवाच्या प्रवासाची गोष्ट माझ्या शब्दांत सांगितली. काही बोध सांगितला नाही. थोडा वेळ पोरं गप्प. मग टँकरचं पाणी भरून थकलेलं एक पोर म्हणालं, "श्यामच्या घरी आंगुळीला एवढं पाणी व्हतं, मग भिवाला प्यायला का न्हाई दिलं?" मी दोघा भांडणाऱ्यांकडे बघितलं. पुस्तक काढलं असतं तर हा प्रश्न आला नसता. आणि ते एकटंच ठेवलं असतं तरी आला नसता.

तेव्हा माझं मत असं. 'श्यामची आई' कपाटात राहील. पण एकटं राहणार नाही. त्याच्या शेजारी भिवाची गोष्ट असेल आणि दोन्ही एकाच बैठकीत वाचायच्या.

पुढच्या अंकासोबत आम्ही पोरांसाठी चार पानांची पुरवणी काढतोय. प्रत्येक पानाच्या दोन उभ्या पट्ट्या असतील. डावीकडे पोराची बोली, पारधी, वडारी, गोरमाटी, भोजपुरी, जी असेल ती. उजवीकडे मराठी. पहिली गोष्ट मोळीवाल्या म्हातारीची, ती घरी गेल्यानंतरची. मराठी पट्टी मी लिहितोय. डावी पट्टी ती पारध्याची पोरगी सांगणार आहे, तिनं हो म्हटलंय. एकच अट घातलीय, सांगताना दार लावून घ्यायचं. या वेळी लावून घेऊ. तुमच्या वस्तीत अशी बोली बोलणारं पोर असेल तर त्याच्यापाशी बसा, लिहून घ्या आणि दहा तारखेच्या आत पाठवा. स्टेन्सिल कापून तयार ठेवल्यात.

जय भीम.